समर बॅचलरची तलवार

आखातात नोकरी करणाऱ्या संसारी माणसाच्या नशिबी दर उन्हाळ्यात एक अवस्था येते. तिला तिथं 'समर बॅचलर' म्हणतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की दोह्यातली मराठी घरं निम्मी रिकामी होतात. बायको-मुलं सांगली, नाशिक, डोंबिवली गाठतात आणि कर्ता पुरुष मागं राहतो, कारण प्रोजेक्टला सुट्टी नसते. घरात एक माणूस, अखंड चालणारा एसी, फ्रीजमधल्या डब्यांवर बायकोच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आणि टीव्हीखाली मुलाचा प्लेस्टेशन. बाहेर फिरायला जावं म्हटलं तर रात्री नऊ वाजताही दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते.

पहिला आठवडा हा माणूस मालिकांचे राहिलेले भाग बघून काढतो. दुसऱ्या आठवड्यात, मालिकेतली सून ज्या जिन्यावरून पडणार असते त्या जिन्याशी तिसऱ्या दिवशीही पोचत नाही, तेव्हा तो रिमोट ठेवतो आणि शेजारचा कंट्रोलर उचलतो. मुलानं विमानतळावर बजावलेलं असतं, "बाबा, प्लेस्टेशनला हात लावू नकोस." एवढं आमंत्रण कुठल्याही बापाला पुरतं.

आणि मग रक्तातली साखर आणि उजवा गुडघा सांभाळून असणारा, पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ राक्षस मारायला निघतो.

या जमातीतला एक नमुना जवळून बघण्यासारखा आहे: सेफ्टी ऑफिसर. दोह्यातल्या मराठी गोतावळ्यात एखादा तरी सापडतोच. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर उन्हात काम करायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे साइट पहाटे सुरू होते आणि हा गृहस्थ त्याआधी उठलेला असतो. दिवसभर तो एकच मंत्र जपतो: हेल्मेट घाला, पट्टा अडकवा, परमिट दाखवा. रात्री घरी येऊन तो 'द विचर ३' सुरू करतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडनं २०१५ साली काढलेल्या या खेळाचा नायक गेराल्ट हा गावोगाव हिंडून पैसे घेऊन राक्षस मारणारा कंत्राटी माणूस आहे. इथवर आखाती मनाला सगळं ओळखीचं वाटतं. गेराल्टला चिलखत चढवता येतं, हातमोजे, विजार, बूट चढवता येतात. हेल्मेटला मात्र जागाच नाही. पाठीवर तलवारी दोन आणि डोकं उघडं! सेफ्टी ऑफिसर बराच वेळ मेन्यूत हेल्मेट शोधतो, मग मुलाला फोन करतो. दोह्यात नऊ वाजलेले असतात तेव्हा भारतात साडेअकरा. मुलगा आजीकडे गच्चीवर लोळत असतो. "बाबा, नसतं हेल्मेट. तू खेळतोयस का? कुठली डिफिकल्टी घेतलीस?"

हा प्रश्न नाजूक आहे. 'विचर ३' सुरुवातीलाच चार पर्याय देतो. पहिला 'फक्त गोष्ट', दुसरा 'गोष्ट आणि तलवार', तिसरा 'रक्त आणि मोडकी हाडं', चौथा 'मृत्यूची कूच' अशा अर्थाचा. दिवसभर मोडकी हाडं होऊ नयेत म्हणून राबणारा माणूस रात्री तिसरा पर्याय का निवडेल? पण पहिला निवडला हे मुलाला सांगायचं कसं? गृहस्थ गुळमुळीत उत्तर देतात, "आहे आपली मधली कुठलीतरी." पलीकडून मुलगा हसतो. त्याला कळलेलं असतं.

'फक्त गोष्ट' निवडूनही पहिली लढाई सोपी जात नाही, कारण शत्रू दुबळा झाला तरी बोटं तीच असतात. चौकोन म्हणजे हलका वार, त्रिकोण म्हणजे जोराचा, गोल म्हणजे बाजूला सटकणं आणि फुली म्हणजे लोळण. गृहस्थ फोन स्पीकरवर ठेवतात. "बाबा, सर्कल! सर्कल!" "सर्कल म्हणजे उजवीकडचं ना?" एवढा पत्रव्यवहार होईपर्यंत नदीकाठची तीन निळी भुतं गेराल्टला ओरबाडून झालेली असतात. गृहस्थांना वार करायचा असतो आणि गेराल्ट लोळण घेतो. सटकायचं असतं तेव्हा तो हवेत तलवार फिरवतो. शेवटी भुतं मरतात, ती बहुधा कंटाळून. मग विजयाच्या भरात गृहस्थ एका घराच्या छपरावरून खाली उडी मारतात आणि एवढे राक्षस पचवलेला गेराल्ट जागच्या जागी गतप्राण होतो. कारण 'फक्त गोष्ट' निवडली म्हणून गुरुत्वाकर्षण रजेवर जात नाही. उंचीवर काम करताना पट्टा का लावावा हे पटवून द्यायला इतकं चांगलं उदाहरण त्यांना नोकरीच्या सबंध काळात मिळालेलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये ते सांगायचा मोह ते कसाबसा आवरतात.

अशा माणसासाठी खेळातली मारामारी सोपी करावी का, या प्रश्नावर जगभर जेवढी भांडणं झाली आहेत तेवढी त्या खेळांत झाली नसतील. जुन्या खेळाडूंचा एक पंथ आहे. त्यांचं म्हणणं असं की शंभरदा मेल्याशिवाय राक्षस मारल्याचं सुख नाही, आणि ज्याला मरायचं नाही त्यानं पुस्तक वाचावं. या पंथातले बरेच जण अविवाहित असतात, हा योगायोग समजावा.

मौज अशी की 'विचर'सारख्या भूमिकाप्रधान (रोल-प्लेइंग) खेळांचा सगळा इतिहास हा मारामारी सोपी करत जाण्याचाच इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला तेव्हा त्यात कागद, पेन्सिल, फासे आणि वाद एवढंच साहित्य लागत असे. पुढं १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'थॅको' नावाचं प्रकरण पक्कं झालं. तुमचा थॅको २० आणि शत्रूचा चिलखत-अंक ५ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा जास्त पडलं तरच वार लागणार. चिलखत जितकं भारी तितका हा अंक लहान, आणि फारच भारी असेल तर शून्याच्या खाली. म्हणजे उणे ३ अंकाचा सरदार समोर आला की २० मधून उणे ३ वजा करा, उत्तर २३, आणि फाशाला बाजू वीसच. अशा वेळी नियम थोडा द्रवतो आणि वीस पडले तर वार लागला असं मानून घेतो. ड्रॅगन जळजळीत फूत्कार टाकतोय आणि चार मित्र 'उणे उणे अधिक' घोकत बसलेत, असं हे वीररसाचं चित्र होतं. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं ही वजाबाकी काढून टाकली आणि मोठा आकडा चांगला, लहान वाईट, असा सरळ हिशोब ठेवला. जगबुडी आली नाही. उलट वजाबाकीत अडकलेले लोक ड्रॅगनकडे बघायला मोकळे झाले.

जपानमध्ये हे शहाणपण आधीच आलेलं होतं. युजी होरी या गृहस्थाला 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे संगणकावरचे अमेरिकी खेळ आवडत. पण सामान्य जपानी मुलाच्या घरी संगणक नव्हता. दोन-चार बटणांचा फॅमिकॉम हा गेमचा डबा होता. १९८६ साली होरीनं एनिक्स कंपनीसाठी 'ड्रॅगन क्वेस्ट' केला आणि लढाई एका छोट्या चौकटीत बसवली: लढा, मंत्र, पळा, वस्तू. एका वेळी एक शत्रू. आणि मेलात तर? राजा तुम्हाला जिवंत करतो, थोडं सुनावतो आणि तुमचं निम्मं सोनं जातं. पण कमावलेला अनुभव तुमच्याकडेच राहतो. म्हणजे चपळाई नसलेल्या माणसानंही चिकाटी धरली, चिखलाचे गोळे मारत राहिला, तर कधीतरी तो बलवान होणारच. सरकारी नोकरीतल्या बढतीचं तत्त्व होरीनं ओळखलं होतं. जपाननं हा खेळ असा डोक्यावर घेतला की सगळ्या जपानी भूमिकाप्रधान खेळांचा तो कुलपुरुष ठरला. अर्थात सोपेपणाची त्याची कल्पनाही त्या काळाची होती. पहिल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये जिन्यावर उभं राहून चालत नसे, मेन्यू उघडून 'जिना' असा हुकूम द्यावा लागे.

अमेरिकेतला किस्सा दोह्यातल्या कंत्राटदारांना जास्त आवडेल. 'डियाब्लो' हा १९९६ च्या अखेरीस आलेला खेळ मुळात पाळीपाळीनं लढायचा होता: एक वार तुमचा, एक राक्षसाचा. ब्लिझर्ड कंपनीच्या मंडळींनी आग्रह धरला की हे थेट, घड्याळाबरोबर चाललं पाहिजे. डेव्हिड ब्रेविक हा प्रमुख प्रोग्रामर आधी तयार नव्हता. शेवटी तो म्हणाला, ठीक आहे, पण काम मोठं आहे, वेळ लागेल, वेगळे पैसे द्यावे लागतील. ब्लिझर्डनं हो म्हटलं. मग ब्रेविक एका दुपारी बसला आणि काही तासांत काम उरकलं. २०१६ साली गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यानं स्वतःच हे सांगितलं. याला आखातात 'व्हेरिएशन ऑर्डर' म्हणतात आणि ती वसूल होईपर्यंत कुणी असं जाहीर भाषण करत नाही. त्या दुपारी माउसची एक टिचकी म्हणजे एक वार, असा कारभार सुरू झाला आणि ज्याला आकडेमोड येत नव्हती तोही सैतानाशी लढू लागला.

मारामारी सोपी करण्याच्या या वादाचं एक पान मात्र हसण्यासारखं नाही. जेनिफर हेप्लर ही बायोवेअर कंपनीत 'ड्रॅगन एज'सारख्या खेळांसाठी लेखन करणारी लेखिका. २००६ सालच्या एका मुलाखतीत ती म्हणाली होती की संवाद जसे बटण दाबून वगळता येतात तशी मारामारीही वगळता आली पाहिजे. सहा वर्षांनी, २०१२ साली, कुणीतरी ते उकरून काढलं आणि तिच्यावर शिव्यांचा आणि धमक्यांचा वर्षाव झाला. ज्यांना खोट्या राक्षसांना सोपं केलेलं सहन होत नव्हतं, ते खऱ्या बाईला फोन करून धमकावत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये बायोवेअरचा 'मास इफेक्ट ३' आला. त्यात तीन पद्धती होत्या. एकीत लढाया अगदी हलक्या होत्या, गोष्टीवर भर होता. दुसरीत लढाई नेहमीची, पण संवाद आपोआप निवडले जात. खेळाडूनं फक्त गोळ्या झाडायच्या. या दुसऱ्या पद्धतीवर कुणाचं पित्त खवळल्याचं दिसलं नाही. बोलायचा कंटाळा असलेला पुरुष हा शूर समजला जातो आणि मारामारीचा कंटाळा असलेला भित्रा, हे फक्त खेळांपुरतं खरं असतं तर बरं झालं असतं.

सोपी पातळी निवडणाऱ्याची टर उडवायची चाल तशी जुनीच आहे. १९९२ च्या 'वुल्फेनस्टाइन ३डी'त, तो काही भूमिकाप्रधान खेळ नव्हे, सगळ्यात सोपा पर्याय निवडला की धिप्पाड नायकाच्या डोक्यावर टोपडं आणि तोंडात चोखणी दिसत असे. आजही कित्येक बाबा मेन्यूत मधली पातळी निवडतात ती त्या टोपड्याच्या भीतीनं.

सोपं करायचं म्हणजे नक्की काय सोपं करायचं, इथं खरी गोम आहे. आणि बहुतेक भांडणं दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असल्यामुळेच होतात. कुणाचं डोकं थकलेलं असतं, कुणाचे हात, आणि कुणाला फक्त नुकसान सोसवत नाही. 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेत एखादा सैनिक मेला की कायमचा मेला, असा नियम होता. खेळाडू डावपेचांत पटाईत असला तरी लाडकी तिरंदाज मुलगी गेली की तो सगळा डाव मोडून पुन्हा सुरू करायचा. २०१० साली 'कॅज्युअल' पद्धत आली: पडलेले सैनिक पुढच्या लढाईला हजर. २०१५ च्या 'फेट्स'मध्ये तर 'फीनिक्स' पद्धतीत मेलेला पुढच्याच पाळीला उठून उभा राहतो. डावपेच तेवढेच कठीण, फक्त सुतक गेलं.

हातांची गोष्ट वेगळी. 'फायनल फँटसी १६' मध्ये (२०२३) नवशिक्यांसाठी अंगठ्या दिल्या आहेत. एक घातली की नायक आपोआप वार चुकवतो. दुसरी घातली की एकाच बटणावर सगळे नेत्रदीपक हल्ले होतात. तिसरी घाव बसण्याआधी काळ मंद करते, चौथी वेळेवर औषध पाजते आणि पाचवी कुत्र्याला हुकूम देते, म्हणजे 'छू' म्हणायचेही कष्ट नाहीत. यातल्या तीनच एका वेळी घालता येतात. संकट टळावं म्हणून बोटात अंगठी घालणं हे जपान्यांना २०२३ साली सुचलं. आपल्याकडं तर्जनीत पुष्कराज घातलेला माणूस हे ऐकून गालात हसेल. पण युक्ती उत्तम आहे. मेन्यूत 'सोपं' असं लिहिलेलं नाही, टोपडं नाही, दागिना आहे. मान राहतो आणि राक्षसही मरतो.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'नं तर २०२५ मध्ये कमालच केली. २००४ पासून चाललेल्या या खेळात एकेका योद्ध्याच्या पडद्यावर बटणांच्या रांगाच रांगा असतात आणि कुठल्या क्षणी कुठलं दाबावं यावर लोकांनी ग्रंथ लिहिलेत. आता तिथं एक बटण आलं. तेच दाबत राहा, पुढचा योग्य हल्ला खेळ निवडेल. फक्त प्रत्येक हल्ल्यामागं सेकंदाचा पाचवा भाग उशीर होईल, म्हणजे स्वतःच्या अकलेनं लढणारा किंचित पुढं राहील. ज्याला हे सुचलं त्याच्यात तडजोडीचं फार मोठं कसब आहे. ते मराठी साहित्य संमेलनात उपयोगी पडेल.

हा रस्ता शेवटपर्यंत गेला तर कुठं पोचतो, हे एरिक फ्रेडरिक्सन या माणसानं २००२ सालीच दाखवलं होतं. त्याच्या 'प्रोग्रेस क्वेस्ट'मध्ये नायकाचं नाव आणि जात-जमात ठरवायची, की काम संपलं. नायक आपला आपण राक्षस मारतो, लूट विकतो, तलवार घेतो, वरच्या पातळीला जातो. पडद्यावर पट्ट्या भरत राहतात. ती थट्टा होती, पण लोकांनी ती महिनोन्महिने चालू ठेवली. थट्टेचा पुढं धंदा झाला. २०१९ च्या 'एएफके अरेना'सारख्या मोबाइल खेळांत तुमचे वीर तुम्ही ऑफिसात असतानाही लढतात. संध्याकाळी फक्त पेटी उघडून गोळा झालेलं सोनं घ्यायचं. आखातातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथं फक्त त्याच्याऐवजी दुसरं कुणीतरी राबतंय, हा बदल सुखावह असतो.

सेफ्टी ऑफिसरांना हे आपोआप चालणारं पटत नाही. देखरेखीशिवाय यंत्र चालू ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. त्यांना लढायचं आहे, पण आपल्या वेगानं. एका शुक्रवारी ते 'राजी' खेळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली काढलेला हा खेळ भूमिकाप्रधान नव्हे, साहसी आहे. भावाला शोधायला निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली पोर, दुर्गेनं दिलेला त्रिशूळ, राजस्थानी महालांची नक्षी. शस्त्रं मोजकी, बटणं मोजकी, आणि सगळी गोष्ट काही तासांत पुरी. मारामारी सोपी करण्याचा हा मार्ग फारसा कुणी चर्चेत घेत नाही: ती आवरती घ्यायची. शंभर तासांचा खेळ ज्याच्या नशिबात नाही त्याला दोन बटणं कमी केल्यापेक्षा नव्वद तास कमी केले तर जास्त उपकार होतात. 'राजी'तही गृहस्थ बरेचदा मरतात, पण पुण्याचा त्रिशूळ हातात असताना मेल्याचं त्यांना तितकं वाईट वाटत नाही.

मग मुलगाच त्यांना त्यांच्या प्रकृतीचं औषध सुचवतो. तो दोह्यात असलेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या केंद्रात शिकतो आणि बापाशी बोलताना प्राध्यापकी आवाज काढतो. "बाबा, तू टर्न-बेस्ड खेळ. तुझी पाळी येईपर्यंत कुणी तुला मारत नाही आणि तुझी पाळी आली की सगळे थांबतात." हे तत्त्व दोह्याला परकं नाही. सूक वाकिफ या बाजाराच्या गल्ल्यांत दामा खेळणाऱ्या म्हाताऱ्यांची एक बैठक आहे. पांढऱ्या पायघोळ थोबातले आजोबा पटावर वाकून बसलेले असतात, समोरचा विचार करत असेपर्यंत चहा पितात, त्याला टोमणे मारतात आणि सोंगटी मात्र ज्याची पाळी त्यानंच हलवायची. तिथं कुणाचाही अंगठा दुखत नाही, आणि त्या पटावर झालेला पराभव कुणी सोपा म्हणेल असं त्यांच्या चेहऱ्यांवरून तरी वाटत नाही.

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' (२०१७) मुलाच्या कपाटात असतो. पुढच्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीत त्यात खास गोष्टीपुरतं खेळणाऱ्यांसाठी सगळ्यात हलकी पातळी घातली गेली. गृहस्थ ती निवडतात, आणि इथं त्यांचं भाग्य उजळतं. मगर अंगावर येते आणि थांबते. गृहस्थ चष्मा पुसतात. साइटवरून फोन येतो, तो घेतात, मगर थांबलेली. आमटी गरम करून आणतात; मगर अजून थांबलेली. मग ते जोखमीचा आढावा घेतात: जमिनीवर तेल सांडलंय, शेजारी आग आहे, आपला माणूस मध्ये उभा आहे. या खेळात तेलाला आग लागते, पाण्यातून वीज जाते, विषारी वायूचा भडका उडतो. दहा वर्षं ज्यावर त्यांनी स्लाइड्स केल्या, तेच सगळं इथं लढाईचे नियम म्हणून आलेलं. आठवड्याभरात ते हलकी पातळी सोडून पुढच्या पातळीवर जातात आणि मुलाला सहज सांगितल्यासारखं सांगतात. मुलगा गप्प होतो, कारण त्याचा स्वतःचा डाव बराच वरच्या 'टॅक्टिशियन' पातळीवर पाच महिने अडकून पडलेला असतो. "तू जरा माझी बॅग आवरशील का? हलताच येत नाही मला. ओव्हरवेट झालंय."

आता हे एक कोडंच आहे. पन्नास वर्षांत मारामारी सोपी करायला केवढ्या बुद्धिमान लोकांनी केवढी डोकी खपवली. झोळी मात्र फारशी कुणी सोपी केली नाही. 'स्कायरिम'मध्ये पडद्यावर सूचना येते की तुम्ही फार ओझं उचललंय, आता पळता येणार नाही, आणि ड्रॅगन मारलेला वीर चीजच्या चाकांपायी रांगत्या गतीनं गावाकडं निघतो. 'विचर'चा गेराल्ट सुरुवातीला साठ एकक वजन वाहतो आणि त्यातलं निम्मं कुणा मेलेल्या शिपायाच्या गंजक्या तलवारींचं असतं. सोपी पातळी निवडा की अवघड, वजन तेच. सामान्य खेळाडू जेवढा राक्षसांपुढं हरत नाही तेवढा आपल्याच सामानापुढं हरतो.

पण हा खेळाडू सामान्य नाही. दरवर्षी सुट्टीहून परतताना गोडा मसाला, भाजणी, दोन बरण्या लोणचं, सासूबाईंनी ऐन वेळी कोंबलेल्या शेंगदाण्याच्या चटण्या आणि शेजाऱ्यांसाठीची पातळ पोह्यांची पाकिटं चार माणसांच्या बॅगांत अशी वाटून लावायची की काउंटरवरच्या काट्यानं मान खाली घालावी, ही विद्या आखाती माणसाच्या हाडात मुरलेली असते. गृहस्थ मुलाचा डाव उघडतात आणि कामाला लागतात. चार साथीदारांत ताकदवान कोण ते बघून जड चिलखतं त्याच्याकडं. औषधांची एक पिशवी, बाणांची एक, आणि कधीच्याच उघडून झालेल्या कुलपांच्या किल्ल्यांची एक, ती फेकायची. पुस्तकं वाचून झालेली, विकायला काढलेली. तीन सतरंज्या कशाला? एक ठेवली. रात्री दीडला ते एक्सेलमध्ये तक्ता करतात.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन येतो. त्याला पडद्याचा फोटो पाठवलेला असतो आणि वजनाचा आकडा बघून तो भारावलेला असतो. "बाबा, कमाल केलीस तू! हे सगळं बसवलंस कसं?"

"अरे, त्यात काय. त्या मुख्य सरदाराकडं ती पिंपं होती ना सात-आठ, तीच सगळ्यात जड. ती काढली."

"कुठली पिंपं?"

"ती विषारी धुक्याची. वाचलं मी त्यावर. उघडली तर आजूबाजूचं सगळं जिवंत मरतं. आणि तू ती घेऊन गावातून हिंडतोयस, दुकानात शिरतोयस, जहाजावर त्याच्याशेजारी माणसं उभी करतोयस! वर तेलाची चार वेगळी. कुणी साठवतं का असं? मी समुद्रकिनाऱ्यावर नेऊन नीट रांगेत लावून ठेवली, माणसांपासून लांब, आणि सेव्ह केलं."

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग रडवेला स्वर. "बाबा, त्या किनाऱ्यावर आता परत जाता येत नाही. ती शेवटच्या लढाईसाठी जमवली होती मी. बॉसच्या भोवती मांडायची आणि एकदम फोडायची. एका पाळीत खेळ खलास झाला असता."

"म्हणजे तू लढणारच नव्हतास?"

"तसं नाही रे..."

"टॅक्टिशियन ना तू?"

"बाबा, सगळे असंच करतात!"

"करत असतील," गृहस्थ फ्रीजमधून मंगळवारचा डबा काढत म्हणतात. "परमिट दाखव, मग बोलू."